ऋतू, हवा आणि बालचित्रे : कलेतून ऋतुशिक्षणाचा एक विचार

प्रस्तावना

'ऋतू' हा घटक शिकविला जात नाही अशी बालवाडी अथवा प्राथमिक शाळा महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. तीन ऋतूंची नावे, प्रत्येक ऋतूतील कपडे, फळे आणि सण ही माहिती बालकांना साधारणतः पाचव्या-सहाव्या वर्षी दिली जाते आणि ती देताना चित्रकलेचा आधार हमखास घेतला जातो. पावसाळा म्हणजे छत्री, हिवाळा म्हणजे स्वेटर व शेकोटी, उन्हाळा म्हणजे आंबा आणि हसरा सूर्य. ही चित्रे फळ्याशेजारच्या तक्त्यावर असतात, रंगपुस्तिकेत असतात आणि काही दिवसांतच बालकांच्या वह्यांतही उतरतात. त्यामुळे कलेतून ऋतूंचे शिक्षण झाले असे आपण मानतो.

प्रस्तुत लेखिकेचाही हाच समज होता. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका खेड्यात, ऑगस्ट महिन्यात, इयत्ता पहिलीच्या वर्गात सराव पाठाचे निरीक्षण करण्याचा प्रसंग आला. छात्राध्यापिकेने सुबक तक्ता लावला होता. 'हिवाळ्याचे चित्र काढा' असे तिने सांगताच बहुतेक मुलांनी तक्त्याप्रमाणे शेकोटी व स्वेटर काढले. एका मुलाने मात्र पानभर काळा रंग घासला, त्यात दोन पिवळे गोळे काढले आणि त्यांच्या मागे उभ्या रेघांचा भारा रचला. छात्राध्यापिका त्याला प्रेमानेच म्हणाली, "गाडी नको रे, हिवाळा काढ." त्याने पान उलटले आणि शेकोटी काढली. लेखिकेने निरीक्षणवहीत 'शैक्षणिक साहित्याचा प्रभावी वापर' असा शेरा दिला. मुलाचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, हे वर्गशिक्षकांकडून समजले ते शाळेतून निघताना. पहाटेच्या अंधारात, थंडीत उसाने भरलेली गाडी आणि तिचे दिवे, हा त्या मुलाने प्रत्यक्ष पाहिलेला हिवाळा होता. वर्गातील एकमेव पाहिलेला हिवाळा आम्ही दोघींनी मिळून खोडला होता.

प्रस्तुत लेखाची प्रेरणा त्या पानात आहे. चित्र हे ऋतूचे चिन्ह म्हणून वापरले तर बालक चिन्ह शिकते. चित्र ही पाहिलेल्या हवेची नोंद म्हणून वापरले तरच ते ऋतू शिकते, हा या लेखातील मुख्य मुद्दा होय.

हवा, हवामान आणि ऋतू

प्रथम संज्ञांचा विचार करणे आवश्यक आहे, कारण शिकविणाऱ्याच्याच मनात या संज्ञा बहुधा एकमेकींत मिसळलेल्या असतात. भूगोलाच्या परिभाषेत एखाद्या ठिकाणच्या वातावरणाची अल्पकाळाची स्थिती म्हणजे 'हवा', आणि दीर्घकाळातील हवेची सरासरी स्थिती म्हणजे 'हवामान'. व्यवहारात मात्र आपण आजच्या पावसालाही 'हवामान' म्हणतो आणि उद्याच्या पावसाचा अंदाज देणारे खातेही 'हवामान खाते'च आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याचे पुण्यातील कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तेथे आले, म्हणून जुने पुणेकर त्याला अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात.

ऋतू या दोन संज्ञांच्या मध्ये कोठेतरी येतो. तो एका दिवसात दिसत नाही. पाऊस दिसतो, पावसाळा दिसत नाही. पावसाळा हा अनेक दिवसांच्या बेरजेतून मनात तयार होतो. पाच वर्षांच्या बालकाच्या दृष्टीने ही बेरीज अवघड आहे. 'काल' आणि 'परवा' यांची घडी अजून नीट न बसलेल्या बालकाला चार महिन्यांचा कालावधी एकत्र कल्पिता येत नाही. म्हणूनच आपण त्याला बेरीज करू न देता तयार उत्तर देतो, आणि ते उत्तर म्हणजे छत्री. छत्रीचे चित्र काढणाऱ्या बालकाला पावसाळा समजला असे मानणे म्हणजे बेरजेचे उत्तर पाठ असलेल्याला बेरीज येते असे मानण्यासारखे आहे.

ऋतूंच्या संख्येबाबतही आपण फारसा विचार करीत नाही. व्यवहारात तीन, पंचांगात सहा आणि हवामान खात्याच्या वर्गीकरणात चार ऋतू आहेत : जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमीपूर्व काळ, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पावसाचा काळ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मोसमोत्तर काळ. सहा ऋतूंची मांडणी आपल्या परंपरेची असल्यामुळे ती आपोआप आपल्या अंगणाला लागू पडते असे समजण्याचे कारण नाही. त्या मांडणीत आषाढ ग्रीष्मात येतो. सह्याद्रीच्या पायथ्याचे कोणतेही मूल आषाढात चिंब भिजलेले असते. म्हणजे परकीय तक्ता काढून त्या जागी स्वदेशी तक्ता लावल्यानेही प्रश्न सुटत नाही.

बालकाचे चित्र काय सांगते?

बालचित्रांच्या अभ्यासाला आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-हेन्री ल्युके यांनी १९२७ मधील आपल्या ग्रंथात असे दाखविले की, लहान बालक डोळ्यांना दिसते ते नव्हे, तर त्याला त्या वस्तूविषयी जे ठाऊक आहे ते काढते. भिंतीआडची माणसे त्याच्या चित्रात दिसतात, कारण ती घरात आहेत हे त्याला माहीत असते. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बालचित्रांचे टप्पे मांडले : सुमारे दोन ते चार वर्षे रेघोट्यांचा, चार ते सात वर्षे आकारपूर्व आणि सात ते नऊ वर्षे ठरावीक आकारांचा. या वयोमर्यादा काटेकोर मानू नयेत. पाच वर्षांचे एखादे मूल पुढे असते, आठ वर्षांचे एखादे मागे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने लोवेनफेल्ड यांचे एक निरीक्षण फार मोलाचे आहे. या वयातील मुले पानाच्या खालच्या कडेला जमिनीची रेघ आणि वरच्या कडेला आकाशाची पट्टी काढतात. मधली जागा कोरी सोडतात. मोठ्यांना ही चूक वाटते आणि ते निळा रंग खाली क्षितिजापर्यंत ओढायला सांगतात. बालकाला विचारले तर मात्र ते सांगते की वर आकाश आहे, खाली जमीन आहे आणि मध्ये हवा आहे. शास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर आपल्या निळ्या रंगापेक्षा अधिक बरोबर आहे. जिला आपण हवेची स्थिती म्हणतो ती सर्व त्या कोऱ्या जागेतच घडते. वारा तेथे वाहतो, धुके तेथे साचते, धूळ तेथे उडते. 'आज या मधल्या जागेत काय होते?' हा एक प्रश्न विचारला तरी ऋतुशिक्षणाचा पाठ सुरू होतो. जागा निळ्या रंगाने भरायला लावली तर तो तेथेच संपतो.

तक्त्यातील ऋतू आणि अंगणातील ऋतू

बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांचे व रंगपुस्तिकांचे बारकाईने निरीक्षण केल्यास त्यांतील कितीतरी चित्रे आपल्या प्रदेशात कधीच दिसत नाहीत असे आढळते. हिवाळ्यात बर्फाचा माणूस असतो. पानगळीच्या चित्रात नारिंगी-तांबडी पाने झडणारे झाड असते आणि ती पानगळ थंडीच्या आधी येते. महाराष्ट्रात पानगळ येते ती थंडी सरत असताना, माघ-फाल्गुनात. सागाची पाने जानेवारीपासून झडू लागतात आणि पुढे उन्हाच्या तडाख्यात झाड उघडे उभे राहते. पळस आणि काटेसावर निष्पर्ण अवस्थेतच फुलतात. ज्या बालकाच्या घरामागे पळस आहे त्याने एकही पान नसलेले तांबडेभडक झाड काढले, तर 'पाने विसरलास का?' असे विचारणारा शिक्षक तक्ता पाहत असतो, झाड पाहत नसतो.

थेंबाचे उदाहरणही असेच आहे. पावसाचा थेंब वर निमुळता व खाली गोल काढण्याची पद्धत जगभर रूढ आहे. पण पडणारा थेंब तसा नसतो. लहान थेंब जवळजवळ गोल असतात आणि मोठे थेंब हवेच्या दाबाने खालून चपटे होतात, अगदी पावासारखे. फिलिप लेनार्ड या शास्त्रज्ञाने १९०४ मध्येच हे दाखवून दिले होते. पाच वर्षांच्या मुलाला हे सांगण्याची गरज नाही. मात्र त्याने थेंब म्हणून नुसते ठिपके दिले तर ते दुरुस्त करण्याचीही गरज नाही, कारण त्याचा ठिपका तक्त्यातील थेंबापेक्षा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे.

नदीही तशीच. तक्त्यातील नदी बारा महिने निळी असते. जुलैतील कृष्णा किंवा गोदावरी पुलावरून पाहिलेले मूल तिला तपकिरी रंगवील आणि एप्रिलमध्ये तिच्या जागी दगड काढील. पूर्व महाराष्ट्रातील मे महिन्याचा सूर्य हसरा असतो असे चंद्रपूरचे मूल म्हणणार नाही. प्रदेशागणिक हा फरक केवढा मोठा आहे हे पाहण्यासाठी सातारा जिल्ह्याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. या दोन्ही ठिकाणच्या पहिलीच्या वर्गात एकच छत्री टांगलेली असते.

पावसाची रेघ

कला आणि ऋतू यांचा सांधा जुळविण्यासाठी मराठी भाषेने आपल्या हाती एक मोठे साधन दिले आहे, त्याचा उपयोग आपण फार थोडा करतो. पाऊस भुरभुरतो, रिमझिमतो, पिरपिरतो. त्याची सर येते, झड लागते, संततधार धरते. तो मुसळधार कोसळतो. वळीव तर वाजतगाजत येतो. हे शब्द केवळ कमी-अधिक पाऊस दर्शवीत नाहीत. प्रत्येकात थेंबाचा आकार, पडण्याचा वेग, वाऱ्याची दिशा आणि पावसाचा कालावधी यांविषयी निराळी माहिती साठविलेली आहे. बालकाच्या हातात खडू देऊन 'पिरपिर काढ', 'आता सर काढ' असे सांगितले की प्रत्येक शब्दाला त्याची रेघ मिळू लागते. पिरपिरीला विरळ, तुटक ठिपके पडतात. सरीला एका दमात ओढलेल्या रेघा येतात. झडीच्या वेळी मूल कंटाळेपर्यंत तीच तीच रेघ काढत राहते. तो कंटाळा हाच झडीचा अर्थ आहे.

वळीव, मोसमी पाऊस आणि परतीचा पाऊस हे महाराष्ट्रातील तीन पाऊसही रेघेतून वेगळे करता येतात. एप्रिल-मे महिन्यांतील वळीव दिवसभराच्या तापीनंतर दुपारी वा संध्याकाळी येतो. आधी धूळ उठते, ढग उंच चढतात, विजा चमकतात, कधी गारा पडतात आणि तासाभरात सर्व शांत होते. मोसमी पावसाचे ढग खाली उतरलेले, करडे व एकसंध असतात, वारा पश्चिमेकडून असतो आणि दोन-दोन दिवस सूर्यदर्शन होत नाही. परतीचा पाऊस पुन्हा गडगडाटासह, सप्टेंबरच्या उत्तरार्धात व ऑक्टोबरमध्ये, बहुधा दुपारनंतर येतो. वळवाच्या चित्रात धुळीचा पिवळा रंग हवा, मोसमी पावसाच्या चित्रात सावल्या नकोत. हे शिक्षकाने सांगायचे नाही, त्या त्या दिवशी खिडकीतून मुलांकडूनच काढून घ्यायचे. शाळेला सुट्टी असल्यामुळे मे महिन्याचा वळीव आपल्या हातून निसटतो, ही अडचण आहेच. परंतु एप्रिलमध्येही तो अनेकदा भेटून जातो.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. पाऊस म्हणजे आनंदच असे गृहीत धरून आपण मुलांकडून नाचणारे मोर काढून घेतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या घराघरांत पाणी शिरले. अशा प्रदेशातील मुलाने पावसाचे चित्र काढण्यास नकार दिला किंवा पान काळे केले, तर त्याला रंगीत छत्री काढायला लावू नये. त्याला काही सांगायचे असल्यास ऐकावे, नसल्यास पान तसेच ठेवून द्यावे.

परंपरेतील ऋतुचित्रे

शाळेने ऋतू तक्त्यावर टांगण्यापूर्वी महाराष्ट्रातील मुले ते हाताने करीत आली आहेत. आषाढ-श्रावणात बेंदूर किंवा पोळ्याचे मातीचे बैल, नागपंचमीला पाटावर काढलेले नाग, चैत्रात अंगणात रेखाटलेले चैत्रांगण, दिवाळीतील मातीचे किल्ले. यांतील प्रत्येक कृतीचा हवेशी संबंध आहे. दिवाळीचा किल्ला बांधला जातो तेव्हा पाऊस नुकताच उघडलेला असतो. माती कालवायला सोपी असते आणि किल्ल्यावर पेरलेले अळीव किंवा मोहरी दोन-चार दिवसांत उगवते. हाच किल्ला एप्रिलमध्ये बांधू पाहणाऱ्या मुलाला तो का जमत नाही याचे उत्तर माती स्वतःच देते.

हादग्याचा विचार या संदर्भात अधिक करावयास हवा. सूर्य हस्त नक्षत्रात सप्टेंबरच्या अखेरीस प्रवेश करतो आणि याच काळात मुली पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरतात. हस्ताचा तो हत्ती म्हणजे गडगडाट करीत येणाऱ्या परतीच्या पावसाचेच चित्र आहे. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकेक गाणे वाढविण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ऋतू हा दिवसांच्या बेरजेने वाढतो, याचे इतके सोपे प्रात्यक्षिक कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पावसाच्या नक्षत्रांची वाहनेही पंचांगांत व दिनदर्शिकांत छापलेली असतात : बेडूक, म्हैस, मोर, घोडा, उंदीर, गाढव. वाहनावरून पावसाचे भाकीत करणे शास्त्राला धरून नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. तथापि मृगापासून सुरू होणारे तेरा-चौदा दिवसांचे हे टप्पे नोंदीसाठी सोयीचे आहेत. पुनर्वसूचा पाऊस 'तरणा' आणि पुष्याचा 'म्हातारा' असे लोक म्हणतात. या वर्षीचा तरणा खरोखर तरणा होता का, हे मुलांनी आपल्या चित्रांवरून पडताळावे. असे केल्याने परंपरेचा अवमान होत नाही, आणि डोळे मिटून स्वीकारही होत नाही.

रोजची नोंद

प्रत्यक्ष वर्गात काय करता येईल, याचा विचार करताना साधने अगदी साधी असावीत हे पथ्य पाळणे इष्ट. एकशिक्षकी शाळेत किंवा अंगणवाडीत जे चालणार नाही ते सुचवून उपयोग नाही.

पाठकोऱ्या कागदाच्या तळहाताएवढ्या चौकटी कापाव्यात. रोज एका मुलाने, दारात उभे राहून, त्या दिवसाची हवा एका चौकटीत काढावी. वस्तू कमी आणि आकाश अधिक, एवढीच सूचना. चौकटी भिंतीवर एकापुढे एक चिकटवाव्यात. महिन्याभरात एक ओळ होते, दुसऱ्या महिन्याची ओळ तिच्याखाली येते. सप्टेंबरपर्यंत भिंतीकडे दुरून पाहिले तर जूनची ओळ पिवळ्याकडून करड्याकडे गेलेली, जुलैची करडी, आणि ऑगस्टच्या ओळीत मध्येमध्ये ऊन शिरलेले दिसते. एखाद्या वर्षी जुलैची ओळ पिवळीच राहते; तेव्हा पावसाने ओढ दिली हे पाच वर्षांच्या मुलालाही बोट दाखवून सांगता येते. दिवस म्हणजे हवा आणि ओळ म्हणजे ऋतू, हा भेद व्याख्येशिवाय समजतो. शाळांच्या तपासणीच्या वेळी ही भिंत तक्त्याइतकी देखणी दिसत नाही, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी कृती झाडाची. आवारातील एकच झाड दर महिन्याला काढावे. शक्यतो पिंपळ, पळस, साग, बहावा असे पाने टाकणारे झाड निवडावे; आंबा-वडाचे बदल सूक्ष्म असल्याने लहान मुलांना चटकन दिसत नाहीत. मागचे चित्र समोर न ठेवता नवे काढावे आणि मग दोन्ही शेजारी लावावीत.

तिसरी कृती सावलीची, आणि ती सहा वर्षांपुढील मुलांसाठी. अंगणात एक मीटरची काठी रोवून, दुपारी साडेबाराच्या सुमारास, तिची सावली खडूने किंवा रांगोळीने आखावी व तेवढ्या लांबीची दोरी कापून ठेवावी. मुंबई, अहिल्यानगर किंवा पैठण यांच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या आसपास ही सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते. एप्रिलच्या मध्यावर ती १५ ते २० सेंटिमीटर इतकीच उरते. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे या वयात सांगू नये. दोन दोऱ्या हातात धरून मुलाने 'उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो' असे म्हटले की या टप्प्याचे काम झाले. कारणमीमांसा पाचवी-सहावीत होईल, आणि तेव्हा या दोऱ्या आठवतील.

माध्यमांविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते. कलासाहित्य स्वतःच हवेचे मापन करीत असते, याकडे आपले दुर्लक्ष होते. श्रावणात केलेला मातीचा बैल दिवसेंदिवस ओलसर राहतो, मार्चमध्ये केलेला बैल दुपारपर्यंत तडकतो. जुलैत रंगविलेला कागद शाळा सुटेपर्यंत वाळत नाही. वैशाखातील वारा रांगोळी टिकू देत नाही. 'रंग अजून ओला का?' हा प्रश्न मुले आपणहून विचारतात. त्याचे उत्तर हवेतील बाष्पात आहे. रंगही ऋतूकडून घेता येतात. जूनमध्ये जांभळाचा रस, भाद्रपदात तेरडा, दसऱ्याला झेंडू, होळीच्या सुमारास पळसाची फुले. हळद, गेरू, चुना आणि कोळसा हे बारमाही. वारली चित्रकलेत गेरूच्या पार्श्वभूमीवर केवळ तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सारे शेतीवर्ष उभे केले जाते. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच दोन रंगांच्या बळावर. मात्र अलीकडे शाळाशाळांतून वारली त्रिकोणांची नक्कल करून घेतली जाते, ती छत्रीच्या नकलेहून फारशी वेगळी नाही.

ज्यांचा हिवाळा गावाबाहेर जातो

आता त्या काळ्या पानाकडे वळणे भाग आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतील कुटुंबे या काळात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही जातात. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा यांसारखे उपाय झाले, तरी अनेक मुले पालकांबरोबर फडावर जातातच. गावच्या शाळेच्या भिंतीवर हिवाळ्याच्या ओळी चिकटत असताना ती पाचटाच्या कोपीत असतात. 'आपला हिवाळा' या पाठात त्यांचा हिवाळा येत नाही, आणि परतल्यावर त्यांनी तो काढला तर त्याला 'गाडी' म्हटले जाते. वस्तुतः थंडीविषयी वर्गातील इतर कोणाहीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. उघड्यावरची पहाट, दवाने ओला झालेला ऊस, पाचट पेटवून घेतलेली ऊब. ऋतू म्हणजे माणसांच्या कामाचे आणि जागेचे बदलणे, ही समज पाठ्यपुस्तकातून येण्याआधीच त्यांच्यापाशी आहे.

मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. तेथे घडलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी कुरणशाळा चालविली. शिक्षणसाहित्यही पाने, बिया, शंख, खडे यांतून उभे केले. २०२२ चा पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वर्षांच्या बालकांसाठी खेळ, कला व परिसर यांवर भर देतो. कोसबाडने तो भर कितीतरी आधी दिला होता. अर्थात कुरणशाळा चालविणे आणि कागदोपत्री परिसराभिमुख असणे यांतील अंतर कोणताही आराखडा स्वतःहून मिटवीत नाही.

स्थलांतरित मुलांसाठी रोजच्या नोंदीच्या कृतीत एक छोटा बदल करता येतो. दिवाळीच्या आगेमागे मूल गाव सोडते तेव्हा त्याच्या हाती एका जाड पाकिटात कोऱ्या चौकटी आणि दोन-तीन खडू द्यावेत. रोजची सक्ती नको. आठवड्यातून एक चौकट पुरे. भिंतीवर गावच्या ओळीखाली त्याच्या नावाची एक रिकामी ओळ आखून ठेवावी, म्हणजे मागे राहिलेल्या मुलांनाही कोणीतरी दुसऱ्या ठिकाणी हिवाळा पाहत आहे याची आठवण राहते. गुढीपाडव्याच्या सुमारास ते परतले की त्याच्या चौकटी त्या ओळीत लावाव्यात. पाकीट हरवले असेल, कागद चुलीत गेले असतील, हे धरूनच चालावे. तसे झाले तर त्याने तोंडी सांगावे, आणि त्याच्या सांगण्यावरून वर्गातील इतर मुलांनी त्या चौकटी भराव्यात. रात्र काळी किती, गाडीचे दिवे कोणत्या उंचीवर आणि धुक्यात ते किती लांबून दिसतात, हे त्यांना त्यालाच विचारावे लागेल.